एचआयव्हीची शंका आणि तपासणी : बेळगाव सीमाभागातील वाचकासाठी पायरीपायरीने

बेळगावात औषधाच्या दुकानात उभे राहून मला वीसहून अधिक वर्षे झाली. दुकानात दोन गिऱ्हाइके असली की काही माणसे आत येत नाहीत. ती समोरच्या पानपट्टीजवळ रेंगाळतात, गर्दी सरली की येतात, तापाच्या गोळ्यांची एक पट्टी मागतात, सुटे पैसे मोजून देतात आणि पैसे दिल्यावरही जागेवरून हलत नाहीत. मग आवाज खाली आणून विचारतात, "मामा, एक इचारू काय? ताप येऊन गेलाय, खरं मनातनं काय जात नाही." आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, आणि या ‘खरं’च्या पुढे काय आहे, हे मला आता न सांगता कळते. महिना-दीड महिन्यापूर्वी काहीतरी घडलेले असते, तेव्हापासून तो माणूस रोज आरशात जीभ पाहतो आहे, मानेवर बोटे फिरवतो आहे आणि रात्री मोबाइलवर लक्षणांच्या याद्या वाचतो आहे. प्रत्यक्ष तपासणीला मात्र तो गेलेला नसतो.

हा लेख अशा वाचकासाठी आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधोपचाराचा निर्णय येथे मिळणार नाही. कोणत्या दिवशी, कोठे, काय विचारायचे आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, एवढे मी क्रमाने सांगू शकतो.

आधी तारीख लिहून काढा

पहिले काम कागद-पेन घेऊन करायचे आहे. ज्या प्रसंगामुळे मनात शंका आली, त्याची तारीख आणि शक्य असल्यास वेळ लिहा. असे प्रसंग एकाहून अधिक असतील तर सर्वांत अलीकडचा लिहा. पुढचे सगळे गणित या तारखेवर चालते, आणि ताप, पुरळ, जुलाब यांपैकी कशालाही त्यात जागा नाही.

हे लोकांना पटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. एचआयव्हीची लागण झाल्यावर बऱ्याच जणांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, सांधे-स्नायू दुखणे, मानेत किंवा काखेत गाठी येणे, तोंडात फोड येणे असा त्रास होतो आणि तो औषधाशिवायही काही दिवसांत ओसरतो. मात्र लागण झालेल्या कितीतरी जणांना यातले काहीच होत नाही. आणि ज्यांना हा सगळा त्रास होतो, त्यांतील बहुतेकांना लागण झालेलीच नसते. आपल्या भागात तर जून ते ऑक्टोबर या काळात घरटी एक माणूस तापाने झोपलेला असतो. डेंग्यू, चिकुनगुनिया, साधा फ्लू, टायफॉइड या सर्वांत कणकण, अंगदुखी आणि थकवा येतोच, आणि डेंग्यूत पुरळही उठते. खानापूरच्या पावसात भिजून घसा धरला तर त्याचा अर्थ घसा धरला एवढाच असू शकतो. उलट हा पहिला ताप ओसरल्यावर विषाणू शरीरात आठ-दहा वर्षे काहीही न दाखवता राहू शकतो. त्या काळात माणूस उसाच्या गाड्या भरतो, फॅक्टरीत रात्रपाळी करतो, लग्न करतो आणि त्याला काही जाणवत नाही. वजन उतरणे, महिनाभर न थांबणारे जुलाब, तोंडात पांढरा थर, नागीण पुन्हा पुन्हा उठणे, क्षयरोग ही पुढच्या अवस्थेतील चिन्हे आहेत. प्रसंगानंतर तीन आठवड्यांनी ती शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

म्हणून लक्षणे असोत वा नसोत, निकाल रक्तच देणार.

प्रसंग खरोखर धोक्याचा होता का

दुकानात येणाऱ्या शंकांपैकी बऱ्याच शंका या पायरीवरच संपतात. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीतील व गुदद्वारातील स्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो, तोही हा द्रव दुसऱ्याच्या रक्तात किंवा आतल्या नाजूक त्वचेपर्यंत पोहोचला तर. एका ताटात जेवणे, एकाच संडासाचा वापर, एसटीतला किंवा केएसआरटीसीतला शेजार, डास, हस्तांदोलन, चुंबन, अश्रू, घाम यांतून तो पसरत नाही.

निरोध न वापरता झालेला शरीरसंबंध हा खरा धोका. त्यातही सगळे संबंध सारखे नसतात. जोडीदाराला लागण असून तो उपचारावर नसेल, तर एका वेळच्या संबंधातून लागण होण्याचे सरासरी प्रमाण स्त्रीच्या बाबतीत योनीसंबंधातून 10,000 पैकी सुमारे 8 आणि पुरुषाच्या बाबतीत सुमारे 4 इतके मानले जाते. गुदसंबंधात ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याच्यासाठी ते 10,000 पैकी सुमारे 138 पर्यंत जाते. हे आकडे पाहून काही जण निर्धास्त होतात, आणि तेथेच चूक होते. हे सरासरी आकडे आहेत. गुप्तरोगाची जखम असेल किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो, आणि लागण व्हायला एक वेळही पुरते. शंका असेल तर आकड्यांवर विसंबून चाचणी टाळू नये.

दुसरा खरा धोका सुईचा. एकमेकांची सिरिंज वापरून नशा करणे सर्वांना ठाऊक आहे, पण खेड्यापाड्यांत पदवी नसलेला ‘डॉक्टर’ जुनीच सुई टोचतो किंवा जत्रेत एकाच सुईने पाच जणांना गोंदवले जाते, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. अशी सुई टोचून घेतली असेल तर ती तारीखही कागदावर लिहावी. सलूनमधल्या वस्तऱ्याची भीती घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. त्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता नगण्य आहे, कारण हा विषाणू शरीराबाहेर लवकर निष्प्रभ होतो. तरी नवीन पाते मागावेच, आणि त्याचे कारण वेगळे आहे: हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान आठवडाभर जिवंत राहतो.

बहात्तर तासांच्या आत असाल तर

प्रसंग कालचा-परवाचा असेल, तर हा लेख पुढे वाचू नका, निघा. लागण होऊ नये म्हणून घ्यायची औषधे असतात, त्यांना पीईपी म्हणतात. ती जितक्या लवकर, शक्य झाल्यास पहिल्या काही तासांत, सुरू होतील तितके चांगले. 72 तास उलटल्यावर ती सुरू करण्यात फायदा राहत नाही. कोर्स 28 दिवसांचा असतो आणि मध्ये एकही दिवस चुकवायचा नसतो. रात्र असो, रविवार असो, जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन "पीईपी पाहिजे" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. बलात्कार किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला तर ही औषधे आणि उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवलीच पाहिजे असे नाही. परिचारिका, लॅबमधील मुले, सफाई कामगार यांना वापरलेली सुई टोचली तरी हाच रस्ता. जखम साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढत बसू नये.

एक गोष्ट निक्षून सांगतो. ही औषधे माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नयेत. आधी एचआयव्हीची, मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी लागते, आणि अर्धवट घेतलेला कोर्स पूर्ण संरक्षण देत नाही. पीईपी घेतलेल्यांनी पुढील तपासण्या डॉक्टर सांगतील त्याच तारखांना कराव्यात. खालचे दिवसांचे गणित त्यांना जसेच्या तसे लागू होत नाही.

कोणती चाचणी, कोणत्या दिवशी

लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसेपर्यंत मध्ये काही दिवस जातात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात रक्त तपासले तर लागण असूनही निकाल ‘नाही’ असा येऊ शकतो. प्रसंगानंतर पाचव्या दिवशी चाचणी करून आनंदाने पेढे वाटणारा एक जण मला माहीत आहे. त्याला पुन्हा पाठवावे लागले.

प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधणारी साधी किंवा जलद चाचणी साधारण 23 ते 90 दिवसांत लागण दाखवते. सरकारी केंद्रांत बहुधा हीच असते. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-24 हे प्रथिनही शोधते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केली तर ती 18 ते 45 दिवसांत लागण दाखवते. मोठ्या खासगी लॅबमध्ये ती काही शे रुपयांत होते. पावतीवर किंवा रिपोर्टवर ‘फोर्थ जनरेशन’ किंवा ‘अँटिजेन-अँटिबॉडी कोम्बो’ असे लिहिले आहे का, ते पाहून घ्यावे. तिसरी चाचणी विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते. ती 10 ते 33 दिवसांत दाखवते, पण तिला काही हजार रुपये पडतात आणि सर्वसाधारण शंकेसाठी डॉक्टर ती सांगत नाहीत. केवळ भीती लवकर घालवण्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

आता तारखेचे गणित एकदा प्रत्यक्ष करून पाहू. समजा प्रसंग 2 जूनच्या रात्रीचा आहे. पीईपीची मुदत 5 जूनच्या रात्री संपते. चौथ्या पिढीच्या चाचणीचे 45 दिवस 17 जुलैला भरतात. त्या दिवशी किंवा नंतर प्रयोगशाळेतील चाचणी ‘नाही’ आली तर त्या प्रसंगापुरता निकाल खात्रीचा धरता येतो. साध्या अँटिबॉडी चाचणीचे 90 दिवस 31 ऑगस्टला पूर्ण होतात; सरकारी केंद्रात शेवटची फेरी त्यानंतरची ठेवावी. मधल्या काळात जिवाची घालमेल सहन होत नसेल तर महिनाभराने एक चाचणी जरूर करावी, त्यातून बराचसा दिलासा मिळतो, पण शेवटची चाचणी टाळू नये. आणि तोपर्यंत प्रत्येक संबंधात निरोध वापरावा, रक्तदान करू नये.

रक्तदानाबद्दल दोन शब्द अधिक. "रक्त दिले की फुकटात तपासणी होते" हा समज कॉलेजच्या शिबिरांमुळे पसरला आहे. शंका असताना रक्तदान करणे म्हणजे विंडो पिरियडमधले रक्त एखाद्या बाळंतिणीच्या किंवा अपघातातल्या माणसाच्या शिरेत सोडणे. तपासणीसाठी वेगळी, विनामूल्य सोय आहे; तिकडेच जावे.

कोठे जावे, आणि पाटीवर काय लिहिलेले असते

तपासणीची सरकारी जागा म्हणजे आयसीटीसी, मराठीत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. बेळगावात ती जिल्हा रुग्णालयात आहे. बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या, डॉ. आंबेडकर रस्त्यावरच्या या दवाखान्याला आपण सगळे ‘सिव्हिल’ म्हणतो. खानापूर, चिकोडी, अथणी, गोकाक अशा तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यांतही तपासणीची सोय असते, आणि अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत पहिली तपासणी होते. तेथे संशयास्पद निकाल आला तर पक्क्या तपासणीसाठी मोठ्या केंद्रात पाठवतात. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, उपाशी पोटी जायचीही गरज नाही.

आता सीमाभागातली खरी अडचण. पाटी कन्नडमध्ये असते. ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्यांतल्या अनेकांना ती वाचता येत नाही, आणि कोणाला विचारायचे म्हणजे ज्या प्रश्नाची लाज वाटते तोच प्रश्न व्हरांड्यात मोठ्याने विचारावा लागतो. कन्नड पाटीवर ‘आप्त समालोचने’ असे शब्द असतात. समालोचन म्हटले की मराठी माणसाला क्रिकेटचे धावते वर्णन आठवते आणि आप्त म्हटले की ज्यांच्यापासून लपवायचे तेच नातेवाईक. पण कन्नडमध्ये याचा अर्थ जिव्हाळ्याने केलेली सल्लामसलत, म्हणजेच समुपदेशन. इंग्रजी आद्याक्षरे बहुधा शेजारी असतात. विचारावेच लागले तर "आयसीटीसी एल्लि ऐति?" एवढे पुरते, त्यात एचआयव्ही हा शब्दही उच्चारावा लागत नाही, आणि रक्ततपासणीला आलेला माणूस मधुमेहाचाही असू शकतो. आत गेल्यावर मराठीत किंवा हिंदीत बोलायला संकोच करू नये. समोरच्याला मराठी समजत नसेल तर समजणारी व्यक्ती बोलावण्याची विनंती करावी. मात्र ओळखीच्या रिक्षावाल्याला किंवा शेजारच्या पेशंटला दुभाषी म्हणून आत घेऊ नये.

गावातल्या कोणी पाहील, आशाताईंना कळेल, या भीतीने बरेच जण जिल्ह्याबाहेर जातात. त्यात काहीही गैर नाही. ही केंद्रे राष्ट्रीय कार्यक्रमाची आहेत. कर्नाटकातल्या माणसाला महाराष्ट्रात किंवा गोव्यात तपासणी नाकारली जाऊ नये. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय बेळगावपेक्षा जवळ, अथणीकरांना मिरजेचे शासकीय रुग्णालय जवळ, आणि उलट चंदगडचे लोक बेळगावच्या सिव्हिलला येतात. तपासणी एक-दोनदाच करायची असते, तेव्हा दूर गेले तरी चालते. उपचार सुरू झाले तर मात्र पुन्हा पुन्हा जावे लागते, याचा विचार पुढे करू.

निघण्यापूर्वी कोणाशी तरी बोलायचे असेल तर 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो निःशुल्क आहे, नाव सांगावे लागत नाही, आणि जवळचे केंद्र कोणते हेही तेथे कळते.

केंद्रात गेल्यावर

सकाळी जावे. मोठ्या दवाखान्यात आधी केसपेपर काढायला सांगतात, तर काही केंद्रांत थेट समुपदेशकाकडे पाठवतात. खोली लहान असते: एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर तक्ते, आणि टेबलावर निरोध घालण्याची पद्धत दाखवायला ठेवलेला लाकडी नमुना. तो पाहून नवखा माणूस दचकतो आणि नजर खिडकीकडे वळवतो. समुपदेशक नाव, वय, पत्ता, फोन विचारतात आणि एक नोंदणी क्रमांक देतात. मग प्रसंगाबद्दल विचारतात: कधी, कोणाबरोबर, निरोध होता का. येथे खोटे बोलण्याने नुकसान फक्त आपले होते, कारण कोणत्या तारखेला परत यायचे हे ते त्यावरूनच ठरवतात. मघाचा तारखेचा कागद खिशातून काढून समोर ठेवला तर बोलण्याचे कष्टही वाचतात.

तुमची संमती घेतल्याशिवाय चाचणी होत नाही. रक्त बोटातून किंवा शिरेतून घेतात, आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तो समुपदेशक स्वतः, तुम्हाला एकट्याला, समोर बसवून सांगतात. या प्रतीक्षेच्या वेळात बाहेर चहा प्यायला जावे. बाकावर बसून इतरांचे चेहरे वाचण्याचा उद्योग करू नये.

गुप्ततेबद्दलची भीती खोटी नाही, म्हणून कायदा माहीत असू द्या. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 2017 चा आहे आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीविना चाचणी करणे, निकाल दुसऱ्याला सांगणे, लागण आहे म्हणून नोकरीतून काढणे, शाळेत प्रवेश किंवा दवाखान्यात उपचार नाकारणे या सर्वांना त्यात मनाई आहे. एक अपवाद आहे, तोही सांगायला हवा: निकाल ‘आहे’ असा आला आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर आधी तुम्हालाच समजावून आणि तसे कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. ज्या स्त्रीला हे सांगितल्यामुळे मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती आहे, तिचा विचार कायद्याने केलेला आहे. ती भीती समुपदेशकांसमोर बोलून दाखवावी.

खासगी लॅबमध्ये जाणाऱ्यांनी स्वतःचाच फोन नंबर द्यावा. माझ्या एका गिऱ्हाइकाने सवयीने घरातला व्हॉट्सॲपचा नंबर दिला, आणि रिपोर्ट थोरल्या वहिनींच्या मोबाइलवर जाऊन पडला. निकाल ‘नाही’ असा होता. पण चाचणी का केली, हा प्रश्न घरात महिनाभर पुरला. लॅबने संमतीवाचून दुसऱ्याला पाठवले हे चूकच, तरी नंबर देताना सावध राहणे आपल्या हातात आहे. छापील प्रत स्वतः जाऊन घ्यावी.

त्याच फेरीत सिफिलिस, हिपॅटायटिस-बी आणि सी यांचीही तपासणी करून घ्यावी. लघवीच्या जागी जखम, स्राव, जळजळ, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ असा त्रास असेल तर सरकारी दवाखान्यातल्या गुप्तरोगाच्या विभागात, म्हणजे सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवावे. तापापेक्षा ही लक्षणे अधिक गंभीरपणे घ्यायची असतात, आणि यांतील बऱ्याच रोगांवर साधे, खात्रीचे औषध आहे.

गरोदर स्त्रियांची ही चाचणी पहिल्या तपासणीतच केली जाते. तिला कोणी ‘वेगळी’ समजून पाठवलेले नसते. लागण वेळीच कळली आणि औषध सुरू झाले तर बाळाला होणारी लागण जवळजवळ टाळता येते. काहीच न केल्यास हा धोका 15 ते 45 टक्के असतो, औषधांनी तो 5 टक्क्यांच्या खाली येतो.

कागद कसा वाचावा

‘नॉन-रिॲक्टिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ म्हणजे चाचणीला काही सापडले नाही. दिवस पूर्ण भरले असतील तर प्रकरण संपले. खासगी रिपोर्टवर त्याच्या बाजूला 0.12, 0.35 असे काहीतरी आकडे असतात आणि ते पाहून लोक पुन्हा घाबरतात. ते यंत्राचे मोजमाप आहे. ठरलेल्या मर्यादेच्या, बहुधा 1 च्या, खालचा कोणताही आकडा म्हणजे ‘नाही’. गेल्या वेळी 0.12 होते आणि या वेळी 0.35 आहे, म्हणजे रोग वाढतो आहे, असा हिशेब करू नये.

‘रिॲक्टिव्ह’ असा एकाच चाचणीचा निकाल म्हणजे निदान नव्हे. आपल्या राष्ट्रीय पद्धतीत वेगवेगळ्या तीन चाचण्या एकाच रक्तावर केल्या जातात आणि तिन्ही ‘रिॲक्टिव्ह’ आल्या तरच लागण आहे असे सांगितले जाते. एखाद्या खासगी लॅबच्या एकाच कागदावर ‘रिॲक्टिव्ह’ दिसले तर तो कागद घेऊन सरळ आयसीटीसीत जावे. तोवर घरात कोणाला काही सांगू नये. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ते दोन आठवडे कठीण जातात, हे मला माहीत आहे.

लागण आहे असे निघाले तर

त्याच दिवशी किंवा लगेच पुढच्या दिवसांत एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रात, नाव नोंदवावे. बेळगावात ते सिव्हिलच्याच आवारात आहे. 2004 पासून सरकार ही औषधे विनामूल्य देते, आणि 2017 पासून रक्तातील पेशी किती खाली आल्या याची वाट न पाहता निदान होताच उपचार सुरू केले जातात. आज बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. आधी क्षयरोगाची तपासणी आणि काही रक्तचाचण्या होतात. ओळखपत्र, फोटो आणि आयसीटीसीचा कागद बरोबर न्यावा. घरचा एक विश्वासू माणूस असला तर चांगलेच, नसला तर एकट्याने जावे पण जावे.

कोणत्या गावच्या केंद्रात नोंदणी करावी हा सीमाभागातला महत्त्वाचा निर्णय आहे. सुरुवातीला महिन्याला एक फेरी असते. तब्येत स्थिर झाल्यावर एका वेळी काही महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. लाजेपोटी दीडशे किलोमीटरवरचे केंद्र निवडले आणि उसाचा हंगाम किंवा पाऊस आडवा आला की गोळ्या तुटतात, आणि गोळ्या तुटल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून तपासणी दूर केली तरी उपचार जवळ ठेवावेत. कामासाठी पुण्याला, गोव्याला जावे लागले तर नोंदणी तिकडच्या केंद्रात हलवून मिळते. न सांगता औषध बंद करू नये. नियमित औषधाने रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीतही न दिसण्याइतके खाली आले आणि तसेच राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, मुले, नोकरी यांचा विचार या वाक्यापासून सुरू करावा.

‘एड्स मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्यांच्या नादी लागू नये. संपूर्ण बरे करणारे औषध आज नाही; आयुष्यभर चालणारे, उत्तम काम करणारे औषध आहे, आणि ते फुकट आहे.

निकाल ‘नाही’ आला, तरी मन मानत नसेल तर

असे लोक मला लागण झालेल्यांपेक्षा जास्त भेटतात. दिवस भरल्यावर दोन चाचण्या ‘नाही’ आलेल्या असतात, तरी तो तिसऱ्या लॅबची चौकशी करतो. त्यातल्या एकाने एकदा मान पुढे करून मला गाठ दाखवली. मानेचा तेवढा भाग दिवसभर चोळून लाल झाला होता आणि गाठ दुखत होती ती त्यामुळेच. अशा वेळी चौथी चाचणी करू नये. रक्ताचा प्रश्न सुटलेला असतो, अस्वस्थतेचा सुटलेला नसतो. त्या अस्वस्थतेच्या मुळाशी पुष्कळदा पश्चात्ताप असतो, आणि पश्चात्तापाची चाचणी कोणत्याच लॅबमध्ये होत नाही. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. बेळगावहून सकाळी बसने निघून संध्याकाळी परतता येते.

तेवढे दूर जाणे लगेच जमणार नसेल तर दोन गोष्टी आजपासून कराव्यात. मानेवरचा हात काढावा, आणि मोबाइलवर लक्षणे शोधणे बंद करावे. रिपोर्टची प्रत मात्र फाडून टाकू नये; तारखेच्या त्याच कागदाला टाचणी लावून ती जपून ठेवावी, म्हणजे पुढे कधी रात्री पुन्हा शंका आली तर दोन्ही तारखांमधले दिवस मोजता येतील.